इथलं बाहेर जाणार नाही

काल विद्यापीठाच्या रस्त्यावर कुठूनतरी गांजाचा वास आला आणि मला ती मुलगी आठवली. तेव्हा मी तिथे विद्यार्थ्यांची समुपदेशक म्हणून नवीनच होते. ती सोयगावहून शिकायला आलेली. आई गेल्यापासून झोप लागेना म्हणून गांजा ओढू लागली होती. कूलरच्या घरघरीत तिनं हळूच विचारलं, “अब्बांना नाय ना सांगणार?” “इथलं बाहेर जाणार नाही,” मी म्हटलं. महिन्याभरात ती बरीच सावरली, आठवडा आठवडा न ओढता राहू लागली. मग एका दुपारी तिचे वडील आले. घामानं सदरा भिजलेला, डोळे लाल. “मॅडम, लेकीला काय झालंय? लई घोर लागलाय मला.” मला त्यांची दया आली आणि मी सगळं सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी ते तिला घेऊन गावी निघाले. जाताना ती माझ्या दाराशी आली. रडली नाही, फक्त म्हणाली, “मॅडम, तुमच्याशिवाय मी कुणालाच सांगितलं नव्हतं.” दोन महिन्यांनी मी सोयगावला तिच्या घरी गेले, तेव्हा तिचं कॉलेज सोडवून लग्न लावून दिलेलं होतं. वडिलांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि वेळेवर सांगितल्याबद्दल माझे आभार मानले. तो चहा मी कसा प्यायले, हे मला आजही कळत नाही.