चंद्रपूरचे किपचाक

ज्यांचं काम तडीस जातं त्यांच्याकडे किस्से कमी असतात, हे माझं निरीक्षण आहे. त्यांना विचारा, ते तारखा सांगतात. किस्से साठतात आमच्यासारख्यांकडे, जे दोन वर्षं एका कामाला चिकटून बसले आणि शेवटी हात हलवत जिना उतरले. आता चहाला बसलो की एकेक बाहेर पडतो आणि लोक पोट धरून हसतात. हसा बापा. आम्हीपण हसतो, दुसरं करणार काय!

काम असं होतं. परदेशातल्या एका कंपनीचा लढायांचा कॉम्प्युटर गेम आहे. मध्ययुगातली राज्यं, किल्ले, वेढे, सगळं त्यात. त्यांना एक नवी तुर्की टोळी घालायची होती, किपचाक नावाची. हे लोक गवताळ मैदानात घोडे-मेंढ्या घेऊन फिरायचे, तंबूत राहायचे, एका जागी गाव असं नाहीच. या टोळीचे तंबू, घोडे, सैनिक, नियम करून देण्याचं काम फिरत फिरत आमच्याकडे आलं. आम्ही म्हणजे चंद्रपुरात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसणारे चौघं. चिमूरचा संदीप प्रोग्रामिंग करायचा. सिरोंच्याचा श्रीनू आवाज आणि हालचाली बघायचा. अहेरीच्या पुढे जंगलात गाव असलेली प्रणाली चित्रं काढायची. आणि मी, कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवून विटलेला माणूस, पुस्तकं वाचून यांना सांगायचो की किपचाक काय खायचे आणि काय घालायचे.

टोळी पसंत पडली तर पुढची कामंही मिळणार, खोली चालू राहणार. नाही पडली तर संदीप पुण्याला, श्रीनू हैदराबादला, मी परत तासिकांवर. प्रणालीला मात्र घरचे चंद्रपूरच्या पुढे पाठवायला तयार नव्हते. तिला हे नाही तर दुसरं काहीच नव्हतं. पहिल्या दिवसापासून हे आम्हाला माहीत होतं, आणि तरीही आम्ही काय काय करून ठेवलं ते ऐका.

*

पहिला नकाशा मैदानाचा. नुसतं गवत पाहिजे, नजर जाईल तिथवर एक झाड नको. आता आम्हा चौघांपैकी कोणीही जन्मात असं मैदान पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे मोकळी जागा म्हणजे दोन जंगलांच्या मधली धानाची बांधी. प्रणालीने खपून नकाशा केला. गवत काय सुंदर, वाऱ्याने हलणारं! आणि बरोबर मधोमध मोहाचं झाड.

मी म्हटलं, अगं, तिकडे मोह होत नाही. तिने मोह काढला आणि दुसरं झाड लावलं. मी म्हटलं, झाडच नको. ती म्हणाली, "सर, झाड नाई तं हे लोक बसतीन कुठी?"

दोन दिवस मी खरंच पुस्तकांत शोधत होतो की किपचाक बसायचे कुठे. शेवटी मी कंटाळून म्हटलं, ठेव एक झाड. एकाची सावली सगळ्यांना पुरणार नाही म्हणून तिने मला न सांगता आणखी थोडी लावली. कंपनीच्या साहेबाचं उत्तर आलं: जंगल फार छान झालं आहे, आता मैदान पाठवा.

*

घोड्याचा किस्सा सांगताना मला अजूनही लाज वाटते.

किपचाक म्हणजे घोडा. घोड्याची चाल खरी वाटली पाहिजे, म्हणून श्रीनू म्हणाला की जिवंत घोड्याचा व्हिडिओ घेऊ आणि त्यावरून चाल बसवू. कल्पना चांगली होती. पण चंद्रपुरात घोडा कुठला? वरातीचा! श्रीनूने घोडेवाल्याला गाठलं, वेगवेगळ्या बाजूंनी तास-दीड तास शूटिंग केलं, आणि पंधरा दिवस बसून प्रत्येक पाय हुबेहूब उतरवला.

मग आम्ही लढाई लावली. समोर भाले रोवून उभं शत्रूचं सैन्य. इकडून किपचाकांचे शेकडो घोडेस्वार निघाले. तीन पावलं आले, थांबले, मान हलवली आणि जागच्या जागी नाचायला लागले. एकजात सगळे. समोरून बाण येऊन राह्यलेत आणि हे नाचून राह्यलेत!

त्या घोड्याला दोनच गोष्टी येत होत्या, तीन पावलं चालून थांबणं आणि नाचणं. आयुष्यात तो कधी पळालाच नव्हता, आणि हे शूटिंग करताना आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण घोडा असाच चालतो असं आम्हाला वाटत होतं. मी कपाळाला हात लावून बसलो. श्रीनूने ती लढाई पुन्हा लावून पाहिली आणि म्हणाला, "सर, कोणीतरी नोटा ओवाळल्याबिगर हे पुढं जात नाईत."

*

थंडीचा नियम संदीपकडे होता. हिवाळ्यात टोळीची माणसं आणि जनावरं कमी होतात, त्यामुळे खेळणाऱ्याने वेळेत तळ हलवला पाहिजे, असं कंपनीने लिहून दिलं होतं. संदीपने हे लिहायला घेतलं ते भर मे महिन्यात. डोक्याला ओला दुपट्टा, कूलर गरम वारा फेकतोय, कॉम्प्युटर दर तासाला बंद पडतोय. त्या अवस्थेत त्याने हंगामांचं सगळं गणित मांडलं.

व्हिडिओ कॉलवर साहेबाने विचारलं, की जानेवारीत तुमचं सैन्य मजेत फिरतं, मग मे महिन्यात सगळं मरून का पडतं? आणि रोज दुपारी बारा ते चार कोणी जागचं हलत का नाही?

संदीपला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "सर, मे महिना आहे."

साहेबाने फार समजुतीने सांगितलं, की त्या मुलखात मे महिन्यात गार हवा असते, फुलं येतात. कॉल संपल्यावर संदीपने दुपट्टा पुन्हा भिजवला आणि मला म्हणाला, "मंग या लोकायले लढाया कराले कोनं सांगतलं होतं? मस्त राहाचं ना घरी."

*

सेनापतीच्या आवाजासाठी तुर्की बोलणारा माणूस पाहिजे होता. तो काही आमच्या इथे मिळणार नव्हता. कंपनी म्हणाली, तूर्त कोणाचाही खणखणीत आवाज टाका, नंतर बदलू. आमच्या गल्लीत एक निवृत्त बसकंडक्टर राहतात. आम्ही त्यांना वर आणलं, गिरणी अर्धा तास बंद करवली आणि म्हटलं, भाऊ, समोर खूप माणसं आहेत आणि ती तुमचं ऐकत नाहीत असं समजून ओरडा. त्यांना समजायची गरजच नव्हती. "मांगं सरका, मांगं जागा हाय" असं त्यांनी एका दमात म्हटलं, आणि मला स्वतःला दोन पावलं मागे जावंसं वाटलं.

साहेबाने विचारलं, हा काय म्हणतोय? मी इतिहासाचा माणूस. माझी जीभ झडायला हवी होती, पण मी म्हणालो की ही माघारीची जुनी आरोळी आहे. त्यांनी ती त्यांच्या भाषातज्ज्ञाकडे पाठवली. महिन्याभराने अभिप्राय आला, की बोली ओळखता आली नाही, परंतु अधिकार जाणवतो.

*

आता पुढचा. हा सांगताना मी हसत नाही.

किपचाक लोक मेलेल्या माणसांचे दगड उभे करायचे. मी पुस्तकातला फोटो प्रणालीला दाखवला. ती म्हणाली, आमच्या गावच्या वाटेवरही असे आहेत, आजोबाचाही आहे. तिने ते दगड एका दिवसात काढून दिले, फोटो पुन्हा न बघता. साहेब खूश झाला. आत्तापर्यंतचं सगळ्यात अस्सल काम, असं त्याने लिहिलं.

त्यामुळे तिला हुरूप आला. तिने आपणहून एक नियम सुचवला. टोळी नव्या कुरणात गेली की लगेच घोडे चरायला सोडायचे नाहीत. आधी पूर्वजांना नव्या गवताची मूठ वाहायची, मगच जनावरांनी तोंड लावायचं. जो खेळाडू घाई करेल त्याच्या टोळीतली म्हातारी माणसं नाराज होणार. तिच्याकडे नव्या पिकाचा पंडुम नावाचा सण असतो तसंच हे होतं. पंडुम होईपर्यंत घरात नवा आंबा कोणी तोंडात टाकत नाही, पोरंसुद्धा नाही. संदीपने नियम बसवला आणि खेळून पाहिल्यावर आमच्या लक्षात आलं, की त्या टोळीत पहिल्यांदाच जीव आला होता. आधी ती नुसती घोडदौड होती, आता ती माणसं वाटत होती.

साहेबाने विचारलं, याला आधार काय? पुस्तकाचं नाव द्या.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आमच्या घरी करतेत, सर."

मी चार पुस्तकं उलटीपालटी केली. कुठेच सापडलं नाही. मग मीच तिला नियम काढायला सांगितला. मुलाखतीला बसवून नापास केल्यासारखं तिचं तोंड झालं, पण तिने नियम काढला. मी खोटी आरोळी पचवली होती, आणि तिची खरी गोष्ट मला दोन ओळी लिहून वाचवता आली नाही. याची मला आजही शरम वाटते.

*

शेवटी मेल आला. भाषा भल्ली गोड. तुमच्या मेहनतीचं कौतुक वगैरे, आणि मग असं, की खेळणाऱ्यांना किल्ले बांधायला आणि किल्ले पाडायला आवडतात. या टोळीकडे किल्ला नाही. ती एका जागी थांबतच नाही, त्यामुळे ती कोणाला जिंकता येत नाही. म्हणून ती गेममधून काढत आहोत. करारानुसार आज संध्याकाळी सहापर्यंत तुमच्याकडचं सगळं काम पुसून टाका आणि तसं कळवा.

दुपारचे चार वाजले होते. मी मेल मोठ्याने वाचला आणि खूप शिव्या दिल्या, कंपनीला, स्वतःला, किल्ल्यांना. श्रीनू उठून खिडकीशी गेला. शेवटी संदीप म्हणाला, उगाच कायले लांबवायचं, आणि पुसायचं बटण दाबायला त्याने हात पुढे केला.

प्रणाली म्हणाली, "थांबा भाऊ. मानसं हायेत अजून तिथी."

"अवं, चित्रं हायेत ते," संदीप म्हणाला, पण हात त्याने मागे घेतला.

ती त्याच्या खुर्चीत बसली आणि तिने गेम सुरू केला. तळावर तीसेक तंबू होते. तंबू उतरवायला त्यात फार वेळ लागतो, आधी वरचा लोकरीचा जाड नमदा काढायचा, मग काठ्या, मग गाडीवर लादायचं. हे इतकं हळू का, म्हणून कंपनीने दोनदा तक्रार केली होती. ती एकेक तंबू उतरवत गेली. आधी मेंढ्या पुढे काढल्या, मग म्हाताऱ्या बाया गाड्यांवर बसवल्या, मग पोरं. एक कळप मागे भरकटला तर श्रीनू दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसला आणि तो कळप हाकत आणत राहिला. मी त्या दोघांच्या मागे उभा होतो. कोणी चहाचंही नाव काढलं नाही.

गाड्या उत्तरेकडे निघाल्या. नकाशाच्या कडेपलीकडे काही केलेलं नव्हतं, तिथे पोचलेली गाडी दिसेनाशी होत होती. एकामागून एक सगळ्या गेल्या.

सहाला दहा मिनिटं कमी असताना शेवटची गाडी गेली. तिने गवतावरून एकदा सगळीकडे फिरून पाहिलं, कोणी राहिलं नाही ना. मग खुर्ची मागे सारली आणि संदीपला म्हणाली, "आता करा."