दोरा बांधलेली बाटली

बाबांना आता जवळचं दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांच्या आणि कानाच्या औषधाच्या बाटल्या अगदी सारख्या, म्हणून आईने कानाच्या बाटलीला दोरा बांधलाय. "अहो, दोरा हाताला लागला तर त्यातलं औषध डोळ्यात घालायचं नाही," एवढंच तिने सांगितलं.

ऑफिसात एआयला मेल पाठवायला, फाइल पुसायला जी साधनं वापरू देतात, त्यांची त्याने वाचायची वर्णनं मी लिहिते. साधन काय करतं, हे लिहिणं सोपं. ते कधी वापरायचं नाही, हे लिहिताना जीव ओतावा लागतो. माणूस अडला तर विचारतो. एआय बहुतेकदा माझ्या शब्दावर विसंबून पुढे जातं.

परवा बाबांनी एक बाटली चाचपली. दोरा लागताच ठेवून दिली. दुसरी उचलली, मान मागे टाकली आणि निर्धास्तपणे डोळा उघडला.

लिहायला बसले की आता तो उघडा डोळा समोर येतो.