भिंतीवरचे कॅनव्हासचे बूट

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी स्वतःच्या पायांकडे जाते. एकाहत्तर साल असावं. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो आणि हाताखाली एक जमादार होते. वयाने वडिलांच्या बरोबरीचे, जेमतेम चार बुकं शिकलेले. मी त्यांचा हेवा करत होतो. आज हे सरळ लिहितो. तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

मी हजर झालो त्याच महिन्यात आम्ही तीन पानी जुगारावर छापा घातला. पळणारे पकडले, पानं सतरंजीवर पालथी पडलेली. पंचांसमोर ती उलटण्याआधी जमादार एकाकडे बोट करून म्हणाले, "ह्याच्याकडं जोडी असंल, फार तर कलर. काईच नसतं तर पळताना मागं वळून बघितलं नसतं. तीन एक्के असतं तर उठलाच नसता." उलटली तर गुलामांची जोडी! मी विचारलं, हे कसं ओळखलंत?

"एकाच पानावर अडकायचं न्हाई, सायेब. त्याच्या हातात काय काय असू शकतं ते समदं आधी धरायचं. मंग त्यो जशी चाल करंल तसं एकेक गाळायचं. उरंल ते त्याचं."

पंच खूश, शिपाई खूश, दुसऱ्या दिवशी गावभर तोच विषय. पुढे नगरहून वरिष्ठ तपासणीला आले, तर जीपमधून उतरताच पहिला प्रश्न, "जमादार कुठे आहेत?" फिर्यादी माझ्या टेबलावरून सरळ त्यांच्या बाकड्याकडे जायचे. एकदा एका चोरीत मी अडकलो होतो, तेव्हा माझी पत्नीही म्हणाली, "त्यांना विचारून बघा ना." त्या दिवशी मी ताटावरून उठलो.

मग छापे फसू लागले. एका पानमळ्यातल्या इंजिनाच्या खोलीत अड्डा बसतो, अशी पक्की खबर होती. तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा विड्यांची थोटकं तेवढी मिळाली. अड्डेवाल्याला ठाण्यात बसवून दोन तास विचारलं. त्याचं एकच पालुपद, "आमी पानाला पानी देतो सायेब, पानं खेळत न्हाई."

बातमी ठाण्यातूनच फुटत होती. कोण फोडतं, या प्रश्नाला माझ्या मनात दुसरं नाव आलंच नाही. तिसऱ्या छाप्याच्या आदल्या दिवशी मी जमादारांना समन्स बजावायला पारनेरला पाठवलं होतं, तरी छापा फसला. शहाण्याने तिथेच त्यांचं नाव गाळलं असतं. मी म्हटलं, जाताना सांगून गेले असतील. याच सुमारास ते एकदा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "सायेब, तुमच्या बुटांचं जरा बोलायचं हुतं."

"माझे बूट मी बघतो. तुम्ही तुमचं काम बघा."

ते सलाम ठोकून गेले. मी त्यांच्याविरुद्ध कसुरी रिपोर्ट लिहून नगरला धाडला: अड्डेवाल्याशी संगनमताचा संशय. निवृत्ती तोंडावर आलेल्या माणसाची नोकरी आणि पेन्शन त्या कागदावर टांगली होती, हे मला पुरतं ठाऊक होतं.

चार दिवसांनी भर दुपारी खबऱ्या धापा टाकत आला. अड्डा बसला होता. माझे कॅनव्हासचे बूट तळ शिवायला टाकलेले. चपला घालूनच निघालो, आणि सगळे सतरंजीसकट सापडले. अड्डेवाला माझ्या तोंडाकडे बघेचना. पायांकडे बघत म्हणाला, "सायेब, बूट कुटं हायेत?"

वर्दीचे बूट करकरतात म्हणून छाप्याला मी कॅनव्हासचे घालायचो; संध्याकाळच्या व्हॉलीबॉलला आणि बाजारातल्या बंदोबस्तालाही तेच. त्या दिवशी सकाळी ते काढायला सांगितले की ऑर्डर्ली धुऊन क्वार्टरच्या भिंतीवर वाळत ठेवायचा. भिंत सडकेला लागूनच होती.

"बूट दिसलं की तीन गोष्टी," अड्डेवाला म्हणाला. "व्हालीबॉल, तिसगावच्या बाजाराचा बंदोबस्त, न्हाईतर आमी. बाजाराचा वार नसला की एक गळली. चार वाजंपत्तुर मैदानात जाळं बांदलं न्हाई की दुसरी गळली. मंग ऱ्हायलं कोन?"

"हे तुला जमादारांनी सांगितलं?"

"त्यांनी कशापायी? त्यांचा काई थांगच लागत न्हाई. तुमचं लई सोपं जातं, सायेब."

म्हणजे बातमी फोडणारा मीच होतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नगर गाठलं, वरिष्ठांचे दोन शब्द मान खाली घालून ऐकले आणि रिपोर्ट परत आणून जमादारांपुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"तुम्हाला माझा संशय कळला होता?" मी विचारलं.

"पयल्या छाप्याला पानं उलटली तवाच तुमचं त्वांड बघितलं हुतं. धरलं, ह्या सायबाच्या मनात राग असंल, नवी घाई असंल, न्हाईतर दुसरं काई. राग निवला. घाई सरली." पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं आणि कागद घडी करून परत दिला.

संशयिताचं पहिलं नाव सुचलं की ते का सुचलं, हे आधी स्वतःला विचारावं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी हे पाळलं. जमादारांनी आपणहून बदली मागितली. ते निघाले त्या दिवशी एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. मी हार घातला, त्यांची माफीही मागितली. आणि गाडी हलेपर्यंत मनात एकच विचार चालू होता, की माझ्या बदलीला यातली किती माणसं येतील.