गाडीची सवय

आमच्या घरी एक जुनी फोर-बाय-फोर जीप आहे. घरातले दोन पुरुष तिच्याबद्दल ज्या आदराने बोलतात, त्या आदराने ते कुठल्या माणसाबद्दल बोललेले मी ऐकलेले नाही. "तिची सवय पाह्यजे," असं बाबा म्हणायचे. दादाही तेच म्हणायचा. सवय कसली, तर स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना त्याची खबर नसायची. ब्रेक एकदा दाबला तर पाय थेट तळाला जायचा, दुसऱ्यांदा दाबला की गाडी थांबायची. इतर ठिकाणी याला बिघाड म्हणतात. आमच्याकडे तो गाडीचा स्वभाव होता, आणि तो ओळखून असणं ही विद्या.

मागच्या बाकावर बसून मी ही विद्या लहानपणापासून पाहत आले. सरळ रस्त्यावरही बाबा स्टिअरिंग सारखं डावी-उजवीकडे हलवत राहायचे, ताक घुसळल्यासारखं. उतार आला की धप, धप. नवा पाहुणा घाबरून दांडा पकडायचा, आणि तेवढ्यासाठीच त्याला गाडीत बसवलं असावं इतक्या समाधानाने बाबा सांगायचे, "बसा बिनधास्त. मले सवय आहे."

आमचं घर मेहकर तालुक्यात, गावाबाहेर शेतात आहे. घरापासून डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत पांदण आहे, म्हणजे दोन बांधांमधून गेलेली मातीची वाट. पावसाळ्यात तिथली काळी माती दुचाकीच्या चाकाला असा लेप देते की चाक फिरायचंच थांबतं. त्या दिवसांत घरातून बाहेर पडायला जीप सोडून दुसरं काही नाही. मला मेहकरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा पावसाळाच होता. रोज सकाळी मला फाट्यावर सोडणं दादाकडे आलं. दादा उठायचा त्याच्या वेळेला. मग चहा, मग फोन, मग आरशासमोर केस. तोपर्यंत बस गेलेली असायची. तिकडे लॅबच्या दारात उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं भिंतीला टेकून उभी असायची, आणि मी पोचेपर्यंत उपाशीच राहायची. एक दिवस डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं, "एवढा महिना बघतो. नाहीतर मला गावातच राहणारी मुलगी ठेवावी लागेल."

मला गाडी चालवता येत होती. मेहकरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या पांढऱ्या गाडीवर शिकून मी लायसन्स काढलं होतं. मी बाबांना विचारलं, जीप मी नेऊ का. फाट्यावरच्या टपरीजवळ लावून बस पकडीन, संध्याकाळी परत आणीन.

"स्टिअरिंग जड आहे, बाई," बाबा म्हणाले. "तुह्या हातात तेवढी ताकद नाही."

सोयाबीनवर फवारणी करताना भरलेला पंप माझ्या पाठीवर चढवला जातो, तेव्हा माझ्या ताकदीची काळजी कोणी केलेली आठवत नाही. पण मी हे बोलले नाही. मी बहुधा बोलत नाही. मी इंग्लिश मिडियमची. शाळेत माझ्या वऱ्हाडीला हसायचे आणि घरी माझ्या पुस्तकी मराठीला हसतात. दोन्हीकडे हसं करून घेण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे मी लवकर शिकले.

त्याच सुमारास दादाला ऑफ-रोडिंगचा शोध लागला. फोनवर व्हिडिओ पाहून त्याला आणि त्याच्या मित्रांना कळलं की रस्ता सोडून चिखलातून गाडी चालवणं हा मोठा छंद आहे. ज्या माणसाला घरातून बाहेर पडायलाच रोज चिखल तुडवावा लागतो, त्याला हा छंद वेगळा का जोपासावा वाटावा, ते त्यालाच ठाऊक. जीपला छातीपर्यंत येतील असे टायर आले. टपावर दिव्यांची पट्टी आली. समोरच्या काचेवर वाघाचा डोळा आला. ब्रेक होते तेच राहिले. ब्रेक बाहेरून दिसत नाहीत.

मोठ्या टायरांनी स्टिअरिंग इतकं जड झालं की एका बाजारच्या दिवशी, मेहकर बसस्टँडसमोर, दादाला जीप वळवता येईना. दोन मित्र खाली उतरून पुढच्या चाकाला लाथा घालत होते आणि दादा आत स्टिअरिंगला लोंबकळत होता. मी मागे बसले होते. अडलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "भाऊ, बैल आणू का तुह्या गाडीले?" सगळा स्टँड हसला. मी ओढणी सारखी केली आणि समोरच्या फळांच्या गाडीकडे पाहत राहिले.

त्या रात्री जेवताना दादाने जाहीर केलं की जीपला पॉवर स्टिअरिंग बसवायचं. "घरच्या बायांची सोय होते," असंही तो म्हणाला. घरच्या बायांपैकी कोणालाही ती गाडी चालवायला मिळत नव्हती, पण सोय आमचीच होती.

काम दुसरबीडला, हायवेकडच्या एका गॅरेजमध्ये करायचं ठरलं. ऑनलाइन मागवलेल्या सामानासोबत इंग्रजी पुस्तिका आली होती, म्हणून मलाही नेलं. "चाल मॅडम," दादा म्हणाला, "तुह्या इंग्लिश मिडियमचा घरले एकदा तरी उपयोग होऊ दे."

मिस्त्रीने गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "वाचा ताई, काय म्हणते थो कागद."

मी वाचलं आणि मला येतं त्या मराठीत सांगितलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं, की मोठ्या टायरसोबत जुने ब्रेक वापरू नयेत.

"वापरू नयेत," दादाचा एक मित्र म्हणाला. "बातम्या देऊन राह्यली काय बे हे?"

सगळे हसले. मिस्त्रीही हसला, आणि मग त्याने जाणत्याच्या थाटात विचारलं, "ब्रेक लागते ना पण?"

"लागते ना," दादा म्हणाला. "दुसऱ्या दाबाले लागते."

"मंग कायले बदलाचा?"

"हे त्यायच्या देशातल्या रस्त्यासाठी लिहिलं आहे," दादाने मला समजावलं. "तिथं गाड्या जोरात पळतात."

मी पुस्तिका मिटली. पुढच्या पानांवर काय आहे ते कोणी विचारलं नाही. त्यांनी सामान हाताने लावून पाहिलं, बसेना तिथे ठोकलं, ठोकून बसेना तिथे वेल्डिंग केलं. स्टिअरिंगमधला जुना ढिलेपणा मात्र गेला, कारण त्याच्या यंत्राचा सगळा डबाच नवा आला होता. दादा गावभर हळूहळू, एका बोटाने गाडी वळवून दाखवत फिरला.

मी पुन्हा बाबांकडे गेले. स्टिअरिंग आता हलकं झालंय, म्हटलं.

बाबांनी बांधाकडे पाहिलं. "स्टिअरिंगचं ठीक आहे, बाई. पण ब्रेकची सवय पाह्यजे ना. उतारावर एकच डाव दाबून बसशील."

म्हणजे स्टिअरिंग निवृत्त झालं आणि त्याच्या जागेवर ब्रेकची नेमणूक झाली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे दोघं ते बिघाड सहन करत नव्हते, जपत होते. गाडी धड असती तर ती कोणीही चालवली असती. बिघाड होते म्हणून ती यांची होती.

बाबांशी मी वाद घातला नाही. स्वयंपाकघरात गेले आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय ते आईला सांगितलं. ओढ्यापलीकडच्या वावरात मजूर बाया घेऊन जीप जाते तेव्हा आई त्यांच्यासोबत मागे बसते. ओढ्याचा उतार तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

"त्या पुस्तकात ब्रेकचं काय लिहिलं होतं?" रात्री तिने दादाला विचारलं.

"काही नाही वं माय. तसं लिहाच लागते त्यायले."

"मंग मी नाही बसत त्या गाडीत. बायायलेही सांगतो, बसू नका म्हणून. सोयाबीन तुम्ही दोघं बापलेक आणा डोक्शावर."

बाबांनी भाकरी मोडता मोडता दादाकडे पाहिलं. सोयाबीन काढणीला आलं होतं.

जीप पुन्हा दुसरबीडला गेली. या वेळी मला नेलं नाही. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसले, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसला, ब्रेक ऑइलच्या नळ्या नव्या झाल्या, त्यातली हवा नीट काढली गेली. आता एकदा दाबला की गाडी थांबत होती, आणि इथूनच घरात संकट सुरू झालं.

पहिल्या दिवशी बाबा, नवं स्टिअरिंग बसल्यापासून पहिल्यांदाच, जीप घेऊन वावरात निघाले. मागे आई, तीन-चार बाया, पाण्याची कॅन, आणि शनिवारी लॅबला सुट्टी असते म्हणून मी. पांदण सरळ होती, पण बाबांचे हात सवयीने घुसळत होते. नवं स्टिअरिंग प्रत्येक हालचाल मनावर घेत होतं. जीप या बांधाकडून त्या बांधाकडे सापासारखी निघाली. एक बाई म्हणाली, "भाऊ, सकाळीच घेतली काय?" मग ओढ्याचा उतार आला. बाबांनी ब्रेक जीव खाऊन दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. दुसरी धप झाली तेव्हा आई लोखंडी दांड्यावर होती, कॅन पुढच्या सीटवर होती आणि सगळ्यात म्हातारी बाई माझ्या मांडीवर होती.

"थांबली ना गाडी," आई कपाळ चोळत म्हणाली. "अजून काय जमिनीत गाडता?"

दादाचं दुसऱ्या दिवशी झालं. मित्रांसमोर एका बोटाने, जोरात, वळण घेतलं. जीप जेवढं सांगितलं तेवढी वळली, आणि त्याने सवयीप्रमाणे दुप्पट सांगितलं होतं. पुढचं चाक नालीत गेलं आणि टपावरची दिव्यांची पट्टी बाभळीत राहिली.

संध्याकाळी ओट्यावर बापलेकांची बैठक बसली. मी दारात निवडायला तूर घेऊन बसले होते.

"मिस्त्रीनं सेटिंग बिघडवलं," दादा म्हणाला.

"हाव. थोडा तरी ढिला ठेवाले पाह्यजे होता," बाबा म्हणाले. "पह्यली गाडी चांगली होती."

ते थट्टा करत नव्हते. जीप परत नेऊन तिच्यात थोडा बिघाड घालून आणायचा, आणि तोही उद्याच, असं दोन शहाण्या माणसांनी गंभीरपणे ठरवलं.

सकाळी पाऊस होता. दादा झोपलेला होता. मी डबा भरला, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसले. बाबा गोठ्यातून डोक्यावर पोतं घेऊन आले.

"कुठं?"

"फाट्यावर. बस आहे."

ते शेजारच्या सीटवर चढून बसले आणि दांडा पकडला. मी सरळ पांदणीवर स्टिअरिंग सरळ धरलं. वळणावर वळवलं. चिखलात दुसऱ्या गिअरमध्ये ठेवलं. ओढ्याकडे जायचं नव्हतं, पण फाट्याआधी एक उतार आहे. तिथे ब्रेकवर हळू पाय ठेवला, गाडी हळू झाली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात तेवढंच मी केलं. मला दुसरं काही येतच नव्हतं.

फाट्यावर बस उभी होती. मी उतरायला लागले तेव्हा बाबांनी स्टिअरिंगकडे पाहिलं, मागच्या पांदणीकडे पाहिलं. पाऊस वाढला होता.

"मंग हे घरी कोण नेईन?" ते म्हणाले.

मी किल्ली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"चाल मंग. मेहकरलेच चाल."

लॅबजवळच्या चहाच्या हॉटेलसमोर मी जीप दोन दुचाकींच्या मधल्या जागेत लावली. हॉटेलवाला बाबांच्या ओळखीचा. तो कढईवरून वर पाहून म्हणाला, "काऊन भाऊ, पोरगी चालवते वाटते गाडी?"

"हाव," बाबा खाली उतरत म्हणाले. "काही नाही त्याच्यात. पॉवर स्टिअरिंग आहे. कोनीबी चालवते."

मी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. लॅबच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उपाशीपोटी येऊन भिंतीला टेकले होते. मी कुलूप उघडलं आणि त्यांना आत बसायला सांगितलं.