कीबोर्डवर ओतलेला नारळ

माझ्या वडिलांनी माझ्या कीबोर्डवर नारळाचं पाणी ओतलं होतं.

चुकून नव्हे. हात जोडून, मनोभावे.

आज खंडेनवमी. अण्णा गेल्यानंतरची पहिली.

अण्णांचं आयुष्य भवानी पेठेत यंत्रमागावर टॉवेल विणण्यात गेलं. खंडेनवमीला मागाची पूजा, नारळ, झेंडूचा हार. मग मालकाने कारखाना बंद केला. माग भंगारात गेले आणि अण्णांकडे पूजा करायला काही उरलं नाही.

त्याच सुमारास मी घरून टायपिंगचं काम सुरू केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, काय येईल ते.

आणि खंडेनवमीला अण्णांना घरात हत्यार सापडलं!

हळद-कुंकू वाहिलं. फूल ठेवलं. नारळ फोडला आणि अर्धी वाटी सरळ बटनांवर रिकामी केली.

स्क्रीनवर आपोआप ममममममम धावायला लागलं.

"अण्णा! अहो काय केलंत हे?"

"मागाला असंच करतो की आमी."

मी वायर उपटली, कीबोर्ड पालथा धरला. पाणी टेबलावर ठिबकत होतं. अण्णांचा चेहरा पार उतरला.

"तुजं काम बंद पडलं का गं?"

माग टेम्पोत चढवले त्या दिवशी घरी आले होते, तेव्हाचा तो आवाज. माझा राग तिथेच विरघळला.

"नाही हो. नवा घेऊ."

"पुजलेलं हत्यार टाकू न्हाय, पोरी."

मग काय, बसलो दोघं. मी स्क्रू काढले. चमच्याच्या टोकाने एकेक बटन उचकटलं, कोमट पाण्यात धुतलं. आतला चिकटपणा स्पिरिटच्या कापसाने पुसला. अण्णांनी स्वतः विणलेला टॉवेल अंथरला आणि त्यावर बटनं वाळत घातली, अगदी सांडगे घालावेत तशी.

"यात तुज्या नावाचं कुटलं?"

"हे. एस. सुनंदाचा एस."

ते एक बटन त्यांनी स्वतः बसवलं. जरा तिरकंच.

पुजलेल्या हत्यारावर दसऱ्यापर्यंत काम करायचं नसतं, त्यामुळे वाळायला निवांत वेळ मिळाला. दसऱ्याला वायर जोडली.

सगळी बटनं चालली. एस तेवढा अडतो, जोर लावावा लागतो.

अण्णांनी आपट्याचं पान आधी कीबोर्डवर ठेवलं, मग माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "लाडकं कोण ते कळलं." लई हसले.

पुढे दर खंडेनवमीला ते चार हात लांब उभे राहून फुलाने थेंबभर पाणी शिंपडायचे. तेही जमिनीवर. आणि रोज संध्याकाळी चहा घेताना न चुकता विचारायचे, "काम चालू हाय न्हवं?"

मी कधी मान हलवायची, कधी नुसतं 'हं' म्हणायची.

आज आई म्हणाली, "वर्षाच्या आत सण करत न्हाईत, सुनंदा." मी म्हटलं, सण कुठे करतेय, हत्याराची पूजा आहे. मग तीच झेंडूची फुलं घेऊन आली.

नारळ मी फोडला. पाणी वाटीत काढून अण्णांच्या फोटोपुढे ठेवलं.

कीबोर्ड तोच आहे. एस मी कधी नीट करून घेतला नाही, घेणारही नाही.

फार आठवण येते तुमची. संध्याकाळी चहा गार होतो, कुणी काही विचारत नाही.

अण्णा, काम चालू आहे.