टिपणीस उतार

विलायतेतल्या आमच्या हॅरोत सुलक्षणावहिनींसारखी दुसरी बाई नाही. स्वतः कधी धड बर्फात पाय घातला नाही, पण दक्षिण ध्रुवाकडच्या एका पठाराचे नकाशे त्या वर्षानुवर्षं करतायत. कुठल्या सुळक्याला कुणाचं नाव, सगळं तोंडपाठ. "बहुतेक मेलेल्यांचीच," असं त्या अगदी सहज सांगायच्या. मला ते मुळीच आवडायचं नाही.

त्यांचा नील त्याच पठारावर बर्फाची जाडी मोजायला गेला. त्याने मोजलेल्या एका उताराला टिपणीस हे त्याचं आडनाव द्यायचं वहिनींच्या ऑफिसात ठरलं. वहिनी भडकल्या. "पोरगं घरी येऊ दे, मग काय ते करा!" ऐकतंय कोण? त्यांचे यजमान शशीभाऊ तर फुगून टम्म. वेम्बलीपर्यंत जाऊन पेढे वाटले या माणसाने.

शुक्रवारी उपग्रहाचा नवा फोटो आला. त्या उताराच्या पोटात भेगाच भेगा, वर बर्फाचा नुसता पापुद्रा. वहिनींनी तळावर ताबडतोब कळवलं. नीलचं काम पठाराच्या पार दुसऱ्या टोकाला चाललं होतं, म्हणून घरी काही बोलल्या नाहीत. नकोच तो विषय, असं त्यांना झालं होतं.

रविवारी दुपारी भाऊंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. नीलचा सॅटेलाइट फोन आला होता, स्पीकर चालू होता.

"आई, गेस मी कुठे आहे! माझा नाववाला स्लोपवर! बेसवर कोणाला न सांगता आलो!"

वहिनींच्या हातातला ट्रे टेबलावर आदळला.

"बाबा म्हणाले, नवीन जागा आहे, नारळ फोडल्याशिवाय यायचं नाही. माझ्या बॅगमध्ये त्यांनीच लपवला होता!"

भाऊंनी मला डोळा मारला. वहिनी मात्र फोनकडे झेपावल्या.

"नील, आल्या पावली मागे फिर! खाली पोकळ आहे!"

"हॅलो? आई, तू कट होतेस. नारळ पण फ्रोझन आहे. थांब, कुऱ्हाडीने जोरात मारतो."

"मारू नकोस रे!"

एक ठोका ऐकू आला. मग आणखी एक. मग काहीतरी कडाडलं, आणि तो आवाज लांबतच गेला.

"फुटला! मोरया!" भाऊंनी टाळ्या पिटल्या. सारा जन्म इस्पितळात भूल देण्यात गेलेला हा हुशार डॉक्टर, आणि मला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं.

वहिनी फोनवर ओणवून हाका मारत होत्या, "नील, बोल. काहीही बोल."

भाऊ अजून टाळ्या वाजवतच होते.