चहाची हाक

आमच्या घरासमोरचा रस्ता रुंद होणार आहे. त्याआधी वाहनांचा आवाज मोजायला परवा सकाळी एक मुलगी आली. गॅलरीत स्टँडवर यंत्र लावून म्हणाली, "पंधरा मिनिटं कोणी बोलू नका हं."

दहा मिनिटंही झाली नसतील, तोच आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, चहात साखर किती घालू?"

मी ओशाळलो. मुलगी मात्र हसली, "एकच चमचा, आजी," म्हणाली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

या वेळी मीही कान दिला. गतिरोधकापाशी कण्हणारा ट्रक, मागे येताना गाणं वाजवणारा टेम्पो. इतकी वर्षं कानांवर पडूनही मी न ऐकलेलं सगळं ती वहीत टिपत होती. आणि रस्ता रुंद झाल्यावर येणाऱ्या, अजून न आलेल्या गाड्यांचा आवाजही ती त्यावरूनच सांगणार होती. मला तिचं फार कौतुक वाटलं.

ती निघताना मी वहीत डोकावलो. लिहिलं होतं, 'पहिली मोजणी रद्द. घरातून चहाची हाक.'

"हेही लिहायचं?"

"लिहायचंच, काका. रस्ता झाल्यावरही ती हाक गॅलरीत ऐकू यायला हवी. त्यासाठीच तर मोजतेय."